नव्या गिटारवरचा डाग नेमका कशात आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवी अकूस्टिक गिटार खोक्यातून निघते, तारा जुळवल्या जातात, चार सूर वाजतात आणि मग कुणाची तरी नजर ब्रिजमागच्या (तारा पेटीवर जिथे अडकवतात त्या लाकडी पट्टीमागच्या) एका पांढुरक्या रेघेवर जाते. तिथून पुढे गिटार बाजूला राहते आणि रेघ मोठी होत जाते. कुणी चांगली, सुरेल गिटार परत पाठवतो, कारण तिच्या टॉपवर, म्हणजे पेटीच्या दर्शनी फळीवर, वाघाने पंजा ओढल्यासारखे पट्टे आहेत. कुणी घरातली फर्निचर चमकवायची बाटली काढून डाग घासत बसतो, आणि जो डाग शोधावा लागत होता तो आता दारातून दिसतो. तिसरा प्रकार सगळ्यांत महागात पडतो. खरोखर सुटत चाललेला ब्रिज ‘असेल काहीतरी पॉलिशचे’ म्हणून तसाच राहतो. डाग किती मोठा आहे हे सगळेच बघतात. तो लाकडात आहे, पॉलिशच्या थरात आहे की सांध्यात आहे, हे फार थोडे बघतात, आणि तिन्ही चुका तिथूनच होतात. आम्ही दोघे तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. म्हणून हे पत्र. ते लांबले आहे, त्याबद्दल आधीच दिलगिरी.

सुरुवात खोके उघडण्यापासूनच करावी लागते. गिटार थंड हवेतून आली असेल तर खोके न उघडता पाच-सहा तास खोलीत पडू द्यावी. कडाक्याची थंडी असेल तर रात्रभर. नायट्रोसेल्युलोज लॅकरचा (गिटारवरच्या पॉलिशचा एक प्रकार, थोडक्यात नायट्रो) थर पातळ आणि ठिसूळ असतो. गारठलेल्या गिटारला एकदम उबदार हवा लागली की लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या मापाने हलतात आणि लॅकरला केसासारख्या बारीक भेगा पडतात. कारखान्यातून धड निघालेल्या वाद्याला पहिली खोट आपल्याच घाईने लागते.

मग उजेड. मोबाइलचा दिवा जवळून रोखला तर कुठलीही चकचकीत वस्तू ओरखड्यांनी भरलेली दिसते. त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी गिटार ट्यूबलाइटखाली अशी तिरकी धरावी की ट्यूबचे प्रतिबिंब टॉपवर लांब पट्टीसारखे पडेल, आणि ती पट्टी हळूहळू सगळीकडून सरकवत न्यावी. पट्टीची कड सरळ राहिली तर थर सपाट आहे. कड संत्र्याच्या सालीसारखी दाणेदार झाली तर फवारणी नीट पसरलेली नाही. एखाद्याच जागी तिने गचका खाल्ला तर तिथे खळगी, ओघळ किंवा पॉलिशखाली अडकलेला धुळीचा कण आहे.

सापडलेल्या खुणेवरून नख आडवे, जोर न देता फिरवावे. नख अडले नाही तर खूण पॉलिशच्या खाली आहे किंवा अगदीच वरवरची आहे. नख अडले तर पॉलिश फुटलेले आहे, आणि मग रेघेची दिशा पाहायची. लाकूड चिरते ते आपल्या उभ्या रेषांच्या दिशेनेच. त्यामुळे रेषांना समांतर जाणारी रेघ संशयास्पद, आणि रेषा ओलांडून आडवी जाणारी बहुधा फक्त पॉलिशची. तरी शंका उरली तर खोलीत अंधार करून न तापणारा छोटा एलईडी दिवा साउंडहोलमधून, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकातून, आत सोडावा. स्प्रूसचा (हे एक फिकट सूचिपर्णी लाकूड) टॉप जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड असतो. आतून उजेड पडला की तो तांबूस उजळतो आणि आतल्या आधारपट्ट्यांची सावली बाहेरून दिसू लागते, अगदी एक्स-रे काढल्यासारखी. चीर आरपार असेल तर त्या तांबूसपणात एक लख्ख रेघ पेटते. पॉलिशवरचा ओरखडा तिथे दिसतच नाही.

लाकडातल्या खुणांबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. वर म्हटलेले पंज्याचे पट्टे हा स्प्रूसच्या तंतूंमधला नैसर्गिक वळसा आहे. इंग्रजीतही त्याला अस्वलाच्या नखांचेच नाव आहे आणि काही कारागीर असे लाकूड मुद्दाम शोधून घेतात. रेषांना आडवी, रेशमासारखी चमकणारी नक्षी दिसली तर खूशच व्हावे. ती खोडाच्या केंद्राकडून किरणांसारख्या निघणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची नक्षी आहे आणि फळी योग्य कोनात कापल्याची खूण आहे. शिसवी पाठीवर कडेला आलेला फिकट पट्टा म्हणजे सालीलगतचे लाकूड. महोगनीतली काळसर रेघ बऱ्याचदा झाडाने जमिनीतून ओढलेल्या खनिजांची असते. सुईच्या टोकाएवढी गाठ, रेषांमधले कमी-जास्त अंतर, हेही त्यातलेच. यातले काहीही घासून जाणार नाही आणि घालवायचेही नसते.

एक प्रकार मात्र हटकून घोटाळा करतो. टॉप दोन अर्ध्या फळ्यांचा असतो. एकच तुकडा मधोमध चिरून, पुस्तकासारखा उघडून त्या जोडतात. तरी एक अर्धा फिकट आणि दुसरा गडद दिसतो, आणि घेणाऱ्याला वाटते, दोन वेगळ्या झाडांची लाकडे चिकटवून दिली. गिटार खुंट्या खाली येतील अशी उलटी धरून बघा: फिकट अर्धा गडद होतो आणि गडद फिकट. तंतू फळीच्या पृष्ठभागाला पूर्ण समांतर नसून किंचित तिरपे बाहेर येतात. एका अर्ध्यात त्यांची टोके आपल्याकडे वळलेली असतात, दुसऱ्यात पलीकडे, म्हणून उजेड वेगवेगळा परततो. उलटे धरूनही रंग जागच्या जागी राहिला तरच तो लाकडाचा किंवा रंगकामाचा फरक आहे. तंतूंचा हा तिरपेपणा फारच असेल तर फळी थोडी कमजोर समजतात, पण एरवी तो दोष धरत नाहीत.

दिसणे आणि वाजणे यांचा संबंध किती सैल आहे, याचा एक जुना दाखला आहे. स्पॅनिश गिटारकार अंतोनियो दे तोरेस यांनी १८६२ साली एक गिटार बांधली, तिची पाठ आणि बाजू कागदी पुठ्ठ्याच्या होत्या. टॉप तेवढा उत्तम स्प्रूसचा. आवाज मुख्यतः टॉपमधून येतो हे त्यांना दाखवायचे होते. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. अलीकडचा दाखला टेलर कंपनीचा. १९९५ साली तिने माल वाहायच्या टाकाऊ फळ्यांतून गिटार बनवली आणि खिळ्यांची भोके लपवण्याऐवजी ती ॲल्युमिनियमने भरून मिरवली. तेव्हा पाठीवरच्या टिंबाएवढ्या गाठीने सुरांत फरक पडेल ही भीती काढून टाकावी.

सांध्यांच्या बाबतीत मात्र अशी उदारता नको. ब्रिज चिकटवण्याआधी त्याच्या खालचे पॉलिश खरवडतात, कारण गोंद लाकडाला धरतो, पॉलिशला नाही. खरवड बहुधा ब्रिजच्या कडेच्या जरा आतच थांबते. मग कडेला पॉलिशची पायरी राहते आणि तिथे केसाएवढी फट दिसते. सुटणारा ब्रिजही सुरुवातीला अगदी तसाच दिसतो. लिहायचा साधा कागद मागच्या कडेखाली सरकवून पाहावा. तो साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. सगळीकडे सारखाच, मिलिमीटरभर जाऊन अडला तर ती पायरी आहे, सोडून द्या. एखाद्या कोपऱ्यात तीन-चार मिलिमीटर आत गेला तर ब्रिज उचलतो आहे. ०.०१२ इंच जाडीच्या तारेपासून सुरू होणाऱ्या नेहमीच्या संचाच्या सहा तारा मिळून ७० किलोंच्या वर ताण देतात. तो ताण रात्रंदिवस चालू असतो, त्यामुळे ही फट स्वतःहून कधीच बुजत नाही.

हाच कागद मानेच्या टाचेपाशी, म्हणजे मान पेटीला जिथे मिळते तिथे लावून बघावा. नटच्या (खुंट्यांकडे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागे मानेच्या पाठीवर बोट फिरवावे. प्रवासात खोके पडले असेल तर चीर बहुधा तिथे जाते, कारण तिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि खुंट्यांचे वजन पुढे लोंबत असते. कमरेच्या वळणावर बाइंडिंग, म्हणजे पेटीच्या कडेची पट्टी, उचलले असेल तर ते पॉलिशचे काम नव्हे. टॉप ब्रिजमागे अगदी किंचित फुगीर असणे ठीक, बहुतेक टॉप मुळातच थोडे घुमटाकार बांधतात. ब्रिजपुढे खोलगट आणि मागे टेकाड असे दिसले तर दाखवून घ्यावे. फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोके बोटाला टोचत असतील तर फ्रेट वाढलेले नसतात, त्या ज्यात बसवतात ती फळी, म्हणजे फ्रेटबोर्ड, सुकून आकसलेला असतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवून दोन-तीन आठवडे वाट पाहावी, कानस लावायची घाई करू नये. ओल परत आल्यावर पुष्कळदा टोके आत जातात. आधीच घासली असतील तर मग ती कडेपासून आखूड पडतात.

पिकगार्डवर (साउंडहोलशेजारच्या प्लॅस्टिकच्या संरक्षक पत्र्यावर) चरे दिसत असतील तर आधी त्यावर पारदर्शक संरक्षक पापुद्रा आहे का बघा. चरे बहुतेक वेळा त्या पापुद्र्यावरच असतात. हसू येईल, पण या कारणाने परत जाणारी गिटार हा विनोद नाही.

गिटार ठेवायची की परत करायची हे ठरेपर्यंत तिला काहीही लावू नये. पापुद्रा, टॅग, खोके, आतली थर्मोकोलची पाचर, सगळे जपावे. प्रत्येक खुणेचे तीन फोटो काढावेत: पूर्ण गिटार दिसेल असा एक, शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून एक आणि तिरक्या उजेडात एक. सोबत आतल्या लेबलचा आणि अनुक्रमांकाचा. विक्रेत्याला लिहिताना ‘स्क्रॅच आहे’ एवढेच न लिहिता ‘टॉपवर, ब्रिजच्या खालच्या कोपऱ्यापासून २२ मिलिमीटरवर, ४ मिलिमीटर लांब टवका, लाकूड दिसत नाही’ असे लिहिले की निम्मा पत्रव्यवहार वाचतो. आधी हाताने घासलेली खूण तुमचीच ठरते. बहुतेक हमीपत्रांत साहित्य आणि कारागिरीचे दोष असतात. वापरातली झीज आणि घरची दुरुस्ती नसते.

परत करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी. बाराव्या फ्रेटवर जाड ई तार फ्रेटपासून सुमारे अडीच मिलिमीटर आणि बारीक ई तार सुमारे दोन मिलिमीटर उंच आहे, कुठल्याही फ्रेटवर खरखर नाही आणि आवाज आवडला आहे, अशी गिटार केवळ पाठीवरच्या खळगीसाठी बदलू नये. बदली येणारी गिटार तितकी चांगली वाजेल याची खात्री कुणी देत नाही. त्यापेक्षा किमतीत सूट मागावी. उलट, दिसायला आरसा पण सांध्यात शंका, अशी गिटार एक दिवसही ठेवू नये.

गिटार ठेवायची ठरली, तरी डागाला हात लावण्याआधी पॉलिश कुठल्या जातीचे आहे हे कळलेच पाहिजे. नायट्रोसेल्युलोज थिनरमध्ये विरघळते, त्यामुळे त्यावर नवा थेंब टाकला की तो जुन्या थरात मिसळून जातो. पॉलियुरेथेन आणि पॉलिएस्टर (दोन्हींना थोडक्यात पॉली म्हणतात) एकदा घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत. नवा थर त्यावर नुसता बसतो. शेलॅकचे, म्हणजे लाखेचे, फ्रेंच पॉलिश तर नुसत्या अल्कोहोलनेही निघते. सॅटिन म्हणजे या रसायनांपैकीच एखादे, पण मंद चमकीचे आणि बहुधा पातळ. उत्पादकाच्या माहितीपत्रकात ही जात लिहिलेली असते, तिथून घ्यावी. ‘कोपऱ्यात ॲसिटोन लावून बघू’ हा प्रयोग नव्या गिटारवर नको. नायट्रो असेल तर तो कोपरा गेलाच.

नुसत्या पुसण्याने जाणारे डाग बरेच असतात. बोटांचे ठसे आणि धुके यांना तोंडाची वाफ आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरते. स्टिकरचा चिकटपणा नॅफ्थाने निघतो. लायटरमध्ये भरतात ते हेच इंधन, त्यामुळे खिडकी उघडी आणि ज्योत लांब. कापडाच्या टोकाला दोन थेंब घेऊन पुसले की ते उडून जाते आणि चांगल्या वाळलेल्या नायट्रो वा पॉलीला धक्का लागत नाही. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि स्पिरिट यांना गिटारपासून दूर ठेवावे. फर्निचरच्या स्प्रेमध्ये बहुधा सिलिकॉन असते. ते टवक्यांतून, ब्रिजवर तारा अडकवायच्या पिनांच्या भोकांतून आत शिरते आणि पुढे कधी लॅकर मारायची वेळ आली तर तिथे थर पसरतच नाही, माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. एका आठवड्याची चमक आणि कायमची डोकेदुखी.

चकचकीत थरावरचे गोल गोल केसचरे सिलिकॉन नसलेल्या बारीक रबिंग कंपाउंडने जातात. वाटाण्याएवढे कंपाउंड, हलका हात, पंधरा-वीस फेऱ्या, मग पुसून बघायचे. कडांवर, विशेषतः टाच आणि बाइंडिंगपाशी, घासू नये. कारखान्यात चकाकी काढतानाच तिथला थर सर्वांत पातळ झालेला असतो. कडेला आधीच फिकट, निस्तेज पट्टा दिसत असेल तर थर पार घासला गेला आहे, आणि तो कंपाउंडने कधीच सुधारत नाही. महोगनी आणि शिसवीवर पातळ लॅकर असेल तर पहिल्या काही महिन्यांत ते आकसून रंध्रांत बसते आणि पृष्ठभागावर बारीक टिंबे दिसू लागतात. हा बिघाड नाही, घासून सपाट करायच्या फंदात पडू नये.

टवका सुपरग्लूने भरणे हे खरे नाजूक काम. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा चकचकीत थर, दोन-चार मिलिमीटरचा टवका आणि खाली रंग न गेलेले लाकूड, एवढ्यापुरतेच घरी करावे. सनबर्स्टसारख्या (मध्ये फिकट, कडेला गडद) रंगीत थराचा टवका पांढरा दिसतो, कारण रंग लाकडात नसून थरात असतो. तिथे रंग जुळवणे हे वेगळे कसब आहे, ते कारागिराकडे सोपवावे.

टवका नॅफ्थाने पुसून दहा मिनिटे थांबावे. सैल खपली असेल तर ती तशी ठेवून वर भरू नये, खालून हवा पांढरी दिसत राहते. खाली उघडे स्प्रूस दिसत असेल तर आधी शेलॅकचा एक थेंब लावून वाळू द्यावा. सुपरग्लू कोऱ्या स्प्रूसमध्ये शोषला गेला की काळपट डाग पडतो आणि तो कायमचा. सुपरग्लू मध्यम दाट घ्यावा. पाण्यासारखा पातळ घेतला तर तो भोवती लावलेल्या टेपखालूनही शोषत जाऊन दोन इंच लांब निघतो. बाटली गिटारवर धरायचीच नाही. प्लॅस्टिकच्या तुकड्यावर थेंब काढावा, टूथपिकच्या टोकाने उचलावा आणि टवक्यात सोडावा. एकदम भरून टाकायचा मोह होतो, तो आवरावा. पातळ दोन-तीन थर, प्रत्येकामध्ये काही तास. लवकर सुकवणारा स्प्रे मारला तर गोंद उकळल्यासारखा होऊन त्यात बुडबुडे आणि पांढुरकेपणा राहतो. शेवटी भरलेला भाग आजूबाजूपेक्षा किंचित वर, टेंगळासारखा दिसला पाहिजे. मग रात्रभर तसाच.

दुसऱ्या दिवशी ते टेंगूळ उतरवायचे. नवे, एका बाजूला धार असलेले ब्लेड घेऊन धारेच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळावी आणि मध्ये पाच-सहा मिलिमीटर धार उघडी ठेवावी. टेपची जाडी धारेला पृष्ठभागापासून केसभर वर धरते. ब्लेड जवळजवळ उभे धरून आपल्याकडे हलके ओढले की उघडी धार फक्त टेंगळाची साल काढते, मैद्यासारखा पांढरा चुरा पडतो. चुरा पडायचा थांबला की टेप दोन्हीकडे टेकली आहे, म्हणजे टेंगूळ टेपच्या जाडीएवढेच उरले आहे. इथे ब्लेड खाली ठेवावे. पुढे खोडरबराच्या सेंटिमीटरभर तुकड्याला १००० नंबरचा पॉलिशपेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्याचा थेंब घेऊन फक्त भरलेल्या जागेवर घासावे. दर दहा हातांनी पुसून तिरक्या उजेडात बघावे. मग १५००, मग २०००, आणि शेवटी कंपाउंड. पिनांच्या भोकांजवळ आणि साउंडहोलच्या कडेला पाणी नको, कोरे लाकूड ते पिते आणि फुगून पॉलिश उचलते.

घात होतो तो बहुतेक शेवटच्या दोन मिनिटांत. भरलेल्या जागेभोवती एक अंधूक कडे दिसते, ते घालवायला माणूस मोठ्या वर्तुळात घासू लागतो आणि आजूबाजूचा धड थर पार होऊन खालचे लाकूड उघडे पडते. ते कडे वीतभर अंतरावरून दिसेनासे झाले की थांबावे. गोंद आणि पॉलिश ही दोन वेगळी द्रव्ये आहेत, विशिष्ट कोनातून थोडा फरक दिसणारच.

नायट्रोवर हाच उद्योग लॅकरने करतात: बारीक ब्रशच्या टोकाने दिवसाला एक-दोन थेंब, आठवडाभर, आणि मग आकसून स्थिर व्हायला आणखी काही आठवडे. धीर असेल तर जोड खरोखर दिसत नाही. धीर नसेल तर आठवडाभरात सपाट केलेली जागा महिन्याने पुन्हा खळगी होते.

सॅटिनला तर शक्यतो हात लावू नये. मंद थर घासला की तो चकचकीत होतो आणि मंद टॉपवर चकचकीत ठिपका हा मूळ डागापेक्षा ठळक दिसतो. भरलेली जागा ०००० नंबरच्या स्टीलवूलने रेषेच्या दिशेने मंद करता येते, पण सारखी चमक साधेलच असे नाही. आमचे मत स्पष्ट आहे: सॅटिनवरचा छोटा टवका तसाच ठेवावा. पोच्याचेही तेच. पॉलिश न फुटता लाकूड दबले असेल तर इस्त्री आणि ओल्या फडक्याचा सुतारी उपाय कुणीतरी सांगतोच. तो कोऱ्या लाकडाचा उपाय आहे. पॉलीच्या थरातून वाफ आत जात नाही, आणि लॅकर वाफेने दुधाळ होते.

बाकीचे किरकोळ. ब्रिजच्या कडेला गोठलेला पिवळट गोंद कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या कापूसकाडीने मऊ करून निघतो. पेटीच्या आत पट्ट्यांवर ओघळलेला गोंद, पेन्सिलच्या खुणा, लाकडाचा भुसा यांकडे बघूही नये. फिकट, कोरडा शिसवी फ्रेटबोर्ड खनिज तेलाचे चार-पाच थेंब पुसून गडद होतो. पाच मिनिटांनी राहिलेले तेल कोरडे पुसून घ्यावे आणि वर्षातून एक-दोनदापेक्षा जास्त करू नये. मेपलच्या लॅकर केलेल्या फ्रेटबोर्डला तेल लागतच नाही. काळा रंग दिलेल्या बोर्डचा रंग सुरुवातीला बोटांना लागतो, कोरड्या फडक्याने दोन-चारदा पुसला की थांबतो. फ्रेटवरचा काळसरपणा स्टीलवूलने काढताना दोन फ्रेटमधल्या लाकडावर टेप आणि साउंडहोलवर कागद लावावा. आत पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारे चुंबकी उपकरण, असेल तर लोखंडाचे तंतू चुंबकाला जाऊन चिकटतात आणि निघत नाहीत.

नव्या गिटारवर उमटणारे काही डाग कारखान्यातून येतच नाहीत. स्टँडच्या रबरातली आणि व्हिनाइलच्या पट्ट्यातली द्रव्ये नायट्रोशी मिसळून तिथे थर मऊ आणि चिकट करतात, त्यावर जुनी सुती पट्टी गुंडाळावी. डासांच्या मलमातले डीट लॅकर आणि प्लॅस्टिक दोन्ही विरघळवते. हाताला ते लावून गिटार मांडीवर घेतली तर कोपराचा ठसा कायमचा उमटतो. टॉपवर लावलेला किमतीचा स्टिकर महिनोन्‌महिने राहिला तर आजूबाजूचे स्प्रूस उजेडाने पिवळे होते आणि स्टिकरखाली फिकट चौकोन उरतो. तो कशानेच पुसला जात नाही, पुढच्या काही वर्षांच्या उजेडाने हळूहळू भरतो.

शेवटी विक्रेत्यांना आणि बनवणाऱ्यांना एक मागणे. खुणा असलेली गिटार स्वस्तात विकायला कुणाची हरकत नाही, पण ‘किरकोळ खुणा’ या दोन शब्दांऐवजी त्याच गिटारचा फोटो आणि खूण लाकडात आहे, पॉलिशमध्ये आहे की सांध्यात आहे हे लिहावे. आणि पेटीतल्या लेबलवर मॉडेल आणि अनुक्रमांक छापतातच, तिथे आणखी एक शब्द छापावा: नायट्रो, पॉलियुरेथेन की पॉलिएस्टर. टवका भरायला बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि आज त्याचे उत्तर गिटारवर कुठेच लिहिलेले नसते.

कळावे.

आपले,
तंतुवाद्यांची दुरुस्ती करणारे दोघे वाचक